व्हॉट्सअ‍ॅपमधले नको असलेले नंबर कसे काढावेत? (स्टेटस नको त्या लोकांना दिसतंय, बडोदा)

पोळीभाजी_करेलीबाग | शनिवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. मी करेलीबागेत राहते. फतेहगंजच्या बाजूला होस्टेलात आणि पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या युनिव्हर्सिटीच्या मुलामुलींना टिफिन पुरवते. जून-जुलैत नवी मुलं येतात, परीक्षा संपल्या की गावी जातात, नंबर मात्र माझ्याकडे राहतात. शिवाय त्यांचे रूममेट, कुणाचे वडील, डबे पोचवणारी पोरं, रिक्षावाले, गॅसवाला, खंडेराव मार्केटातले भाजीवाले, एकदाच येऊन गेलेला आरओवाला. यादी हजाराच्या घरात गेली आहे.

आजवर याचा त्रास वाटला नव्हता. यंदा मुलीने गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात नाच केला, त्याचे फोटो मी स्टेटसला ठेवले. ज्यांचे चेहरेही मला आठवत नाहीत अशा माणसांचे त्यावर रिप्लाय आले. त्यात सासरच्या ओळखीतले एक गृहस्थ आहेत. मुलीच्या प्रत्येक फोटोवर काही ना काही लिहितात. आधी ‘किती मोठी झाली’, मग ‘कोणत्या क्लासला जाते’, आणि आता ‘क्लास किती वाजता सुटतो’. ती बारावीला आहे. हे वाचल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे.

मला विचारायचं आहे ते असं. नंबर काढायचा म्हणजे नक्की कुठून काढायचा? चॅट उडवली तरी नवीन मेसेजच्या यादीत नाव दिसतंच. काढल्याचं समोरच्याला कळतं का? काही नंबर फोनमधून काढले होते, ते परत आले, असं का होतं? आणि या गृहस्थांचं काय करावं? ब्लॉक केलं तर सासरी विषय निघेल. ते आमच्या कुटुंबाच्या ग्रुपमध्येही आहेत.

---

सयाजीगंज_रिपेअर | शनिवार, रात्री १०.४८

ताई, मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. हा प्रश्न घेऊन आमच्याकडे बरेच लोक येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

चॅट, कॉन्टॅक्ट आणि परवानगी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चॅट म्हणजे झालेलं बोलणं. ती उडवली तर बोलणं जातं, नंबर राहतो. कॉन्टॅक्ट म्हणजे फोनच्या यादीतलं नाव. व्हॉट्सअ‍ॅप ही यादी मुख्यतः फोनच्या अ‍ॅड्रेस बुकातून उचलतं, त्यामुळे फोनच्या कॉन्टॅक्ट्स अ‍ॅपमध्ये जाऊन नाव डिलीट केलं की ते व्हॉट्सअ‍ॅपमधूनही जातं. लगेच गेलं नाही तर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नवीन चॅटच्या यादीवर जाऊन वरच्या तीन टिंबांतून ‘रिफ्रेश’ करा. जुनी चॅट असेल तर ती तशीच राहते, फक्त नावाच्या जागी नंबर दिसतो. २०२४ च्या अखेरीपासून थेट व्हॉट्सअ‍ॅपमध्येही नंबर सेव्ह करता येतो. तसा केलेला नंबर फोनच्या यादीत सापडणार नाही, तो व्हॉट्सअ‍ॅपमध्ये त्या माणसाच्या माहितीच्या पानावर जाऊनच काढावा लागतो.

परवानगी म्हणजे तुमचा फोटो, स्टेटस, लास्ट सीन कुणाला दिसावं ते. तुमचा खरा प्रश्न इथे आहे. स्टेटस एकमेकांना दिसायला दोघांकडेही एकमेकांचा नंबर सेव्ह असावा लागतो. म्हणजे तुम्ही तुमच्याकडून नाव काढलं की त्या माणसाला तुमचं पुढचं स्टेटस दिसणार नाही, त्याच्याकडे तुमचा नंबर कायम असला तरी. प्रोफाइल फोटो ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर ठेवलात तर तोही दिसणार नाही. पण मेसेज आणि कॉल तो करू शकतो. ते थांबवायचे तर ब्लॉकच करायला हवं.

नाव काढल्याचा निरोप कुणालाही जात नाही. ब्लॉकचाही जात नाही.

नंबर परत का येतात, ते उद्या लिहितो. त्यासाठी तुमच्या फोनमध्ये किती गूगल अकाउंट आहेत आणि सिमवर नंबर ठेवलेत का, ते सांगा.

---

रावपुरा_माहेर | शनिवार, रात्री ११.२०

बाकीचे नंबर सावकाश काढा. त्या गृहस्थांना आज, आत्ता ब्लॉक करा.

मुलगी क्लासमधून किती वाजता सुटते हे बाहेरच्या माणसाला कशाला हवं? सासरी विषय निघेल म्हणता, तर निघू दे. तुम्ही मेसेज दाखवायचा आणि विचारायचं, हा प्रश्न तुम्हाला बरा वाटतो का? आपण बायका ‘काय म्हणतील’ म्हणून गप्प बसतो आणि समोरच्याचं धाडस वाढतं. मी दोन मुली वाढवल्या आहेत, मनापासून सांगते.

आणि ब्लॉक करण्याआधी त्या सगळ्या मेसेजेसचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखा दिसतील असे.

---

अलकापुरी_वाचक | रविवार, सकाळी ७.०५

काकूंचं म्हणणं पटतं, पण ताई लगेच ब्लॉक करू शकत नसतील तर दुसरीही वाट आहे. सेटिंग्ज, प्रायव्हसी, स्टेटस. तिथे तीन पर्याय दिसतात. ‘माय कॉन्टॅक्ट्स’, ‘माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट’ आणि ‘ओन्ली शेअर विथ’. दुसऱ्यात ज्यांना वगळायचं त्यांच्यावर खूण करायची. तिसऱ्यात उलट, ज्यांना दाखवायचं तेवढेच निवडायचे. तुमच्या यादीत हजार माणसं आहेत आणि घरची तीस-चाळीस असतील, तर तिसरा पर्याय घ्या. पुढे कितीही नवे नंबर आले तरी घरचं स्टेटस घरच्यांपुरतंच राहील.

बदल केल्यावर आधी टाकलेलं स्टेटस ज्यांना दिसत होतं त्यांना दिसतच राहतं. ते हाताने डिलीट करा, नाहीतर २४ तास संपेपर्यंत तिथे राहील.

---

रावपुरा_माहेर | रविवार, सकाळी ८.३०

स्टेटस लपवाल, पण तो माणूस मेसेज करून विचारायचा थांबणार आहे का? माझा मुद्दा तोच आहे.

---

पोळीभाजी_करेलीबाग | रविवार, दुपारी ३.१०

डबे पोचले, आता निवांत लिहिते. काकू, तुमचं वाचून रात्री यांच्याशी बोलले. मेसेज दाखवले. ते गप्प झाले, मग म्हणाले, मी त्यांच्याशी फोनवर बोलतो, तू ब्लॉक कर. मला एवढंच हवं होतं. स्क्रीनशॉट काढून ठेवले आणि ब्लॉक केलं.

आता प्रश्न असा की, कुटुंबाच्या ग्रुपमध्ये ते आहेतच. तिथे काय होतं?

सयाजीगंजच्या भावांसाठी: गूगल अकाउंट दोन आहेत. एक माझं आणि एक यांचं, कधीतरी बिल भरायला घातलेलं. सिमवर जुने नंबर असतील बहुतेक.

---

सयाजीगंज_रिपेअर | रविवार, रात्री ९.३०

आधी ग्रुपचं. ब्लॉक फक्त तुमच्या दोघांमधलं असतं. ग्रुपमध्ये तुम्ही लिहिलेलं, टाकलेले फोटो त्यांना दिसतात आणि त्यांचं तुम्हाला दिसतं. म्हणून मुलीचे फोटो त्या ग्रुपवर टाकू नका. घरातल्या बाकीच्यांनाही तसं सांगून ठेवा, नाहीतर आत्या कौतुकाने टाकते आणि सगळं मुसळ केरात. ॲडमिनने त्यांना काढणं किंवा तुम्ही ग्रुप सोडणं हेच दोन उपाय. ग्रुप सोडला तर २०२२ पासून सूचना फक्त ॲडमिनला जाते. ‘अमुक बाहेर पडली’ अशी ओळ सगळ्यांना दिसत नाही, पण आधीच्या सदस्यांच्या यादीत ६० दिवस नाव राहतं.

आणखी एक, हे खूप जणांना माहीत नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलं म्हणजे साधा फोन आणि एसएमएस बंद होत नाही. तो फोनच्या कॉलिंग अ‍ॅपमधून वेगळा ब्लॉक करावा लागतो. तोही करा. आणि पुढे कधी ब्लॉक काढलात, तर मधल्या काळात त्यांनी पाठवलेले मेसेज तुम्हाला येणार नाहीत, ते गेले ते गेले.

आता परत येणाऱ्या नंबरांचं. एकच नाव फोनमध्ये तीन-चार जागी असू शकतं. सिमवर, फोनच्या मेमरीत, तुमच्या गूगलमध्ये आणि यांच्या गूगलमध्ये. तुम्ही एका जागेवरून काढता, दुसरी जागा सिंक झाली, म्हणजे तिथली यादी फोनशी आपोआप जुळवली गेली, की ते नाव पुन्हा समोर येतं. यांचं अकाउंट तुमच्या फोनवर लागत नसेल तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये जाऊन त्याचं ‘कॉन्टॅक्ट्स’ सिंक बंद करा. इथे एक धोका आहे. सिंक बंद न करता तुम्ही यांच्या अकाउंटमधली नावं डिलीट करत बसलात, तर ती यांच्या फोनमधूनही जातील. आमच्याकडे या कारणावरून नवरा-बायको भांडत आलेले पाहिले आहेत. सिमवरचे नंबर गूगलमध्ये एकदा इंपोर्ट करा आणि मग सिम रिकामं करा. सगळं एका जागी आलं की साफसफाई टिकते.

चुकून कामाचं नाव गेलं तर घाबरू नका. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये ‘बिन’ आहे, डिलीट केलेलं तिथे ३० दिवस राहतं.

---

मांजलपूर_शिक्षिका | सोमवार, सायंकाळी ६.००

मी शिकवण्या घेते, माझ्याकडेही दरवर्षी पालकांच्या नंबरांची भरती होते. मी जे करते ते सांगते. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये लेबल करता येतं. वर्ष सुरू झालं की ‘शिकवणी २०२५’ असं लेबल करायचं आणि नवा नंबर त्यातच टाकायचा. वर्ष संपलं की ते लेबल उघडायचं, एका नावावर बोट दाबून धरायचं, तीन टिंबांतून सगळी निवडायची आणि डिलीट. ज्यांच्याशी ओळख पुढे टिकली त्यांना आधी बाहेर काढायचं.

तुमच्या जुन्या नंबरांना लेबल नाही, पण नावापुढे तुम्ही ‘टिफिन’ लिहीत असाल तर तसं शोधून एकदम निवडता येतील.

पुढचा विचार म्हणून आणखी एक सुचवते. टिफिनचा नंबरच वेगळा घ्या. २०२३ पासून अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन अकाउंट चालतात, फक्त दुसरं सिम लागतं. किंवा टिफिनच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस ठेवा. त्याला फोटो पोळीभाजीच्या ताटाचा लावा, मुलीचा किंवा घरचा नाही. रोजचा मेनू त्याच्या स्टेटसवर. घरचा नंबर कुणालाच देऊ नका. मी हे केल्यापासून रात्री दहानंतर ‘मॅडम, उद्या क्लास आहे का’ असे मेसेज घरच्या फोनवर येत नाहीत, आणि त्याने घरात किती शांतता येते हे शब्दांत सांगता येणार नाही.

फक्त ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर लक्षात ठेवा, तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केला आहे त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतं. नंबर बदलला की मुलांना नवा नंबर सेव्ह करायला सांगा, नाहीतर ‘उद्या टिफिन बंद’ हा निरोप कुणाला मिळणारच नाही.

---

सुरसागर_काठ | सोमवार, रात्री ८.४५

मी वयाने मोठा आहे, म्हणून जरा वेगळं बोलतो. सगळं चाळून काढायच्या आधी एक विचार करा.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री चढली तेव्हा मी समा भागात मुलीकडे होतो. धोक्याची पातळी २५ फूट, आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. खालचे मजले पाण्यात, वीज गेलेली, मगरी सोसायट्यांत शिरलेल्या. घरात तान्हं नातवंड. त्या वेळी कुणाच्या कामी कोण आलं? पूर्वी कधीतरी घराचं काम करून गेलेला एक ट्रॅक्टरवाला. त्याचा नंबर मुलीच्या फोनमध्ये ‘रेतीवाला’ म्हणून होता. त्याने दूध आणि पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या. पैशाचं नावही काढलं नाही. जवळच्या नातेवाइकांचे फोन लागत नव्हते, या माणसाचा लागला.

तेव्हा पोरांनो, नंबर काढा, पण ‘परत काय काम पडणार’ एवढ्यावर काढू नका. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, मेडिकलवाला, रिक्षावाला, वरच्या मजल्यावरचं कुटुंब, ही नावं राहू द्या. आणि नाव नीट लिहा. काम आणि परिसर. ‘रमेशभाई’ नावाने पाच माणसं असतील तर अडचणीच्या वेळी कुणाला फोन करणार?

---

पोळीभाजी_करेलीबाग | सोमवार, रात्री ९.२०

काका, तुमचं पटलं. पूर आला त्या आठवड्यात आमच्याकडे पाणी शिरलं नाही, पण फतेहगंजच्या मुलांचे ‘मावशी, खायला काही मिळेल का’ असे मेसेज आले होते. गेलेल्या मुलांतलीही काही अजून दिवाळीला आठवणीने मेसेज करतात. त्यांना काढवत नाही.

---

अलकापुरी_वाचक | सोमवार, रात्री ९.४०

मग काढू नका ना. म्हणून तर ‘ओन्ली शेअर विथ’ सांगितलं. नंबर ठेवा, घरचं स्टेटस दाखवू नका. यादीत असणं आणि घरात डोकावता येणं या दोन गोष्टी एकत्र बांधायची गरज नाही. त्या मुलांच्या चॅट समोर नको असतील तर आर्काइव्ह करा. २०२१ पासून आर्काइव्ह केलेली चॅट नवा मेसेज आला तरी वर येत नाही, तिथेच राहते.

कुणाकडे पैसे येणं बाकी असेल तर चॅट उडवण्याआधी ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून स्वतःला मेल करून ठेवा. हिशोबाचा पुरावा राहतो.

---

अकोटा_पूल | मंगळवार, दुपारी १.१५

इथेच विचारू का? माझे वडील गेल्या वर्षी गेले. त्यांचा नंबर आम्ही चालू ठेवला नाही. माझ्या फोनमध्ये ‘बाबा’ अजून आहे, काढायचं मन होत नाही. गेल्या आठवड्यात त्या नावापुढे एका अनोळखी तरुणाचा फोटो दिसला. आई तो बघून खूप रडली. हे कसं होतं?

---

सयाजीगंज_रिपेअर | मंगळवार, दुपारी २.३०

दादा, वाचून वाईट वाटलं. बंद पडलेला नंबर कंपनी किमान ९० दिवस कुणाला देत नाही. त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात हा विषय आला होता, तेव्हा ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेनेही हेच सांगितलं. तो मुलगा निर्दोष आहे, त्याला नंबर मिळाला एवढंच.

दोन कामं लवकर करा. वडिलांचा नंबर अजून एखाद्या कुटुंबाच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपमध्ये असेल तर ॲडमिनला सांगून काढून घ्या. आणि तो नंबर कुठल्या बँक खात्याला, आधारला, गॅसच्या कनेक्शनला जोडलेला असेल तर बदलून घ्या, कारण ओटीपी आता त्या मुलाकडे जातील.

---

रावपुरा_माहेर | मंगळवार, दुपारी ३.०५

आणि चॅट ठेवा. नंबरावरून ‘बाबा’ हे नाव काढलं तरी चॅट जात नाही, वरती नंबर दिसेल एवढंच. त्यांचे मेसेज, आवाजातले निरोप एक्स्पोर्ट करून लॅपटॉपवर ठेवा, मीडियासकट. आईच्या फोनमधूनही नाव काढा म्हणजे तो फोटो तिच्या डोळ्यासमोर पुन्हा पुन्हा येणार नाही. तुम्ही दोघांनी बसून करा, तिला एकटीला करायला लावू नका.

---

अकोटा_पूल | मंगळवार, रात्री १०.००

करतो काकू. व्हॉइस मेसेज आहेत बरेच. आधी तेच काढून घेतो.

---

निझामपुरा_नाइट | बुधवार, सकाळी ११.४०

अनोळखी नंबरांबद्दलही लिहा कुणीतरी. मला परदेशी कोडचे मिस्ड कॉल येतात.

---

अलकापुरी_वाचक | बुधवार, दुपारी १२.१०

२०२३ च्या मे महिन्यात देशभर अशा कॉलचं पेव फुटलं होतं, इंडोनेशियाचा +६२, व्हिएतनामचा +८४, इथिओपियाचा +२५१. त्यानंतर जूनमध्ये ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ आलं. सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्समध्ये आहे. फोन वाजत नाही, कॉलच्या यादीत मात्र नोंद दिसते.

कोण आहे हे बघायला म्हणून असा नंबर सेव्ह करू नका. तुमचा फोटो ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर असेल तर सेव्ह करताच तो त्यालाही दिसायला लागतो. ब्लॉक करताना रिपोर्टही करा. रिपोर्ट केल्यावर त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात, समोरच्याला कळत नाही. ग्रुप्सच्या सेटिंगमध्येही ‘माय कॉन्टॅक्ट्स’ ठेवा, म्हणजे शेअर बाजाराच्या टिप देणाऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये कुणी परस्पर ओढणार नाही. पैसे गेले असतील तर मात्र वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा.

---

पोळीभाजी_करेलीबाग | शुक्रवार, रात्री १०.३०

कळवते. यांनी त्या गृहस्थांना फोन केला. ‘मी तर सहज विचारत होतो’ म्हणाले. यांनी सांगितलं, सहजही विचारू नका. नणंदबाई ग्रुपच्या ॲडमिन आहेत. मला वाटलं होतं त्या रागावतील, उलट त्यांनी मलाच विचारलं की आधी का नाही सांगितलंस, त्यांच्या मुलीलाही असेच मेसेज आले होते. ते आता ग्रुपमध्ये नाहीत.

यांच्या अकाउंटचं सिंक बंद केलं, सिम रिकामं केलं. नंबर परत आले नाहीत. ज्यांची ओळखच पटत नव्हती ती नावं काढली. टिफिनची मुलं लेबलमध्ये टाकली. प्लंबर, रिक्षावाले, मेडिकल सगळे ठेवले, काका, नाव आणि परिसर लिहून. घरचं स्टेटस आता फक्त घरच्यांना. टिफिनचं वेगळं सिम दिवाळीनंतर घेते.

एक शेवटचं. सासूबाईंकडे आयफोन आहे, नातवाने दिलेला. त्यांनाही साफसफाई करायची आहे. तिथे एकेक नाव उघडून ‘एडिट’मध्ये खाली जाऊन डिलीट करावं लागतं. त्यांचे डोळे दुखतात. दुसरा मार्ग आहे का?

---

सयाजीगंज_रिपेअर | शुक्रवार, रात्री ११.००

आहे. आयओएस १६ किंवा त्यापुढचं असेल तर कॉन्टॅक्ट्सच्या यादीवर दोन बोटं एकत्र टेकवून खाली ओढत न्या, नावं निवडली जातील. मग निवडलेल्या नावांवर बोट दाबून धरा, खाली डिलीटचा पर्याय येतो. त्यांना दोन बोटांचं जमलं नाही तर फोन घेऊन दुकानात या, रविवारी सकाळी गर्दी नसते. चुकून काही गेलंच, तर आयक्लाउडच्या वेबसाइटवर कॉन्टॅक्ट्सची जुनी प्रत परत आणता येते. फक्त ती आणली की सध्याच्या यादीची जागा ती जुनी यादी घेते, म्हणून तेवढं काम माझ्यासमोर करा.